प्राणवायूची मात्रा: किती, कुणाला, कशाने मोजून?

रुग्णालयातला कोणताही केसपेपर उघडून पाहा. प्रतिजैविकाचे नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, किती दिवस, सगळे तिथे नोंदलेले असते. ऑक्सिजनपुढे मात्र बऱ्याचदा दोनच शब्द असतात: ‘ऑक्सिजन चालू’. किती लिटरने द्यायचा, रक्तातले प्रमाण कुठवर न्यायचे, कधी कमी करायचा, याची नोंद सापडेलच असे नाही. कायद्याच्या दृष्टीने वैद्यकीय ऑक्सिजन हे औषधच आहे. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत तो आहे. सप्टेंबर 2020 मध्ये द्रव ऑक्सिजनची कारखान्यातली कमाल किंमत घनमीटरला 15 रुपये 22 पैसे ठरली, तीही औषधांच्या किमती ठरवणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणानेच ठरवली. औषध म्हटले की मात्रा आली, आणि मात्रा चुकली की अपायही आला. ऑक्सिजनची योग्य मात्रा कोणती, हा वाद सत्तरहून अधिक वर्षे चालू आहे. गेल्या दहा वर्षांत त्यावर हजारो रुग्णांच्या चाचण्या झाल्या, तरी तो मिटलेला नाही.

या वादाचा आढावा घेताना चेन्नई शहर नजरेसमोर ठेवले आहे. ऑक्सिजन दिल्यावर घ्यायची काळजी घेतली गेली नाही, आणि ऑक्सिजन पुरेसा पोचला का, अशी प्रश्नाची दोन्ही टोके याच शहरात आणि त्याच्या परिसरात न्यायालयापर्यंत गेली.

नाकापासून रक्तापर्यंत

मात्रेचा वाद समजून घ्यायचा तर ऑक्सिजनची वाट आधी पाहावी लागते. चेन्नई समुद्रसपाटीला आहे. मरीनाच्या वाळूत उभ्या असलेल्या माणसाभोवती हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे 760 मिलिमीटरइतका असतो. हवेत ऑक्सिजन 21 टक्के, म्हणजे त्याच्या वाट्याचा दाब साधारण 159. श्वासनलिकेत हवा ओलसर होते, बाष्प आपली जागा घेते आणि आकडा 150 वर येतो. वायुकोशांत कार्बन डायऑक्साइड मिसळला की शंभराच्या आसपास उरतात. धमनीतल्या रक्तात नव्वद ते शंभर, ऊतींमध्ये वीस ते चाळीस, आणि पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियापाशी पोचेपर्यंत तो एकआकडी होतो. वायुकोशातून रक्तात आणि रक्तातून पेशीत ऑक्सिजन जातो तो जास्त दाबाकडून कमी दाबाकडे, आपसूक. मधला लांबचा पल्ला रक्ताभिसरण पार करून देते.

हे ‘आपसूक’ सहजासहजी मान्य झालेले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कोपनहेगनचे क्रिस्टियन बोर आणि ब्रिटनचे जॉन स्कॉट हाल्डेन यांचे म्हणणे होते की, फुप्फुसाचे अस्तर ऑक्सिजन ओढून रक्तात सोडते, ग्रंथी स्राव सोडतात तसे. बोर यांचेच शिष्य ऑगस्ट क्रोग आणि त्यांच्या पत्नी मारी यांनी 1910 मध्ये एकापाठोपाठ एक प्रयोग प्रसिद्ध करून दाखवले की, साधे विसरण पुरते, स्रावाची गरजच नाही. 1920 मध्ये जोसेफ बारक्रॉफ्ट केंब्रिजमध्ये कमी ऑक्सिजनच्या काचेच्या खोलीत स्वतः सहा दिवस राहिले आणि त्यांच्या मोजमापांनीही क्रोग यांचीच बाजू भक्कम केली. हाल्डेन 1936 मध्ये वारले तोवर आपल्या मतावर ठाम होते. (पुढे भारतात स्थायिक झालेले जे. बी. एस. हाल्डेन हे त्यांचे चिरंजीव.) हा वाद आज पूर्ण मिटलेला आहे, पण त्याची आठवण ठेवावी. ऑक्सिजनच्या बाबतीत मोठमोठ्या जाणकारांची ठाम मतेही मोजमापापुढे टिकली नाहीत, असे पुढे अनेकदा घडले.

लाल पेशी फुप्फुसाच्या केशवाहिनीत सुमारे पाऊण सेकंद असते. त्यातल्या पहिल्या पाव सेकंदातच ती ऑक्सिजनने भरते. उरलेला अर्धा सेकंद निरोगी फुप्फुसाची राखीव सवड. न्यूमोनियात, फुप्फुसात पाणी भरल्यावर ही सवड संपते. 100 मिलिलिटर रक्तात नुसता विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम 0.3 मिलिलिटर असतो. हिमोग्लोबिन मात्र तेवढ्याच रक्तात सुमारे 20 मिलिलिटर वाहून नेते. हृदय मिनिटाला पाच लिटर रक्त फेकते, म्हणजे मिनिटाला सुमारे एक लिटर ऑक्सिजन शरीरभर जातो. स्वस्थ बसलेला माणूस त्यातला पाव लिटर वापरतो, आणि तीन चतुर्थांश भरलेले रक्त हृदयाकडे परत येते.

या सगळ्यात वादाच्या दृष्टीने कळीची गोष्ट म्हणजे हिमोग्लोबिनचा वक्र. ऑक्सिजनचा दाब 60 झाला की हिमोग्लोबिन सुमारे 90 टक्के भरते. 60 चे 100 झाले तरी भर पडते ती सात-आठ टक्क्यांची. त्यापुढे दाब 200 करा, 400 करा, रक्त जवळपास तेवढाच ऑक्सिजन नेते. उलट 60 च्या खाली उतार एकदम तीव्र होतो. म्हणून मात्रेचा सगळा वाद 88 ते 98 टक्के या अरुंद पट्ट्यात घुटमळतो. शंभर टक्के दाखवणाऱ्या यंत्रामागे दाब 120 आहे की 400, हे यंत्र सांगत नाही. कमी पडलेला ऑक्सिजन दिसतो, जास्त झालेला दिसत नाही.

पेशीत गेल्यावर

शरीरात आलेल्या ऑक्सिजनपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास मायटोकॉन्ड्रियात खर्च होतो. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन एका साखळीतून शेवटी ऑक्सिजनला मिळतात, त्याचे पाणी होते आणि या प्रवासातल्या ऊर्जेवर एटीपी तयार होते. थोडे इलेक्ट्रॉन वाटेत निसटतात आणि ऑक्सिजनपासून उपद्रवी रेणू तयार करतात. ऑक्सिजन जास्त झाला की हे निसटणेही वाढते. शुद्ध ऑक्सिजन दीर्घकाळ दिल्यास फुप्फुसाला इजा होते, हे लोरेन स्मिथ यांनी 1899 मध्येच प्राण्यांवर दाखवले होते.

उरलेल्या थोड्या ऑक्सिजनची गोष्ट कमी सांगितली जाते. तिचा एक धागा चेन्नईतच आहे. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी 1954 मध्ये कोलॅजेनची, म्हणजे त्वचा, हाडे आणि स्नायुबंध यांना मजबुती देणाऱ्या प्रथिनाची, तीन पेडांची रचना मांडली. हे पेड घट्ट राहायचे तर त्यातल्या प्रोलिन या घटकाला ऑक्सिजनचा एक अणू जोडला जावा लागतो. तो अणू थेट श्वासातल्या ऑक्सिजनमधून येतो, हे 1960 च्या दशकात सिद्ध झाले. जखम भरायला ऑक्सिजन लागतो त्याचे एक कारण हे.

प्रोलिनला ऑक्सिजन जोडण्याच्या याच युक्तीने पेशी ऑक्सिजनची टंचाईही ओळखते. हिफ नावाचे एक प्रथिन सतत तयार होत असते. ऑक्सिजन पुरेसा असला की त्याच्या प्रोलिनवर खूण उमटते आणि ते नष्ट होते. ऑक्सिजन घटला की खूण उमटत नाही, हिफ टिकते आणि नव्या लाल पेशी, नव्या रक्तवाहिन्या तयार करण्याचे आदेश सुटतात. या शोधासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना 2019 चे नोबेल मिळाले. नवजात बाळांच्या डोळ्यांचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

पहिला वाद: अपुऱ्या दिवसांची बाळे

गर्भात बाळाच्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब तिशीच्या आसपास असतो आणि त्या टंचाईतच दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या हळूहळू कडेपर्यंत वाढत जातात. ही वाढ नवव्या महिन्याच्या सुमारास पुरी होते. बाळ सातव्या महिन्यात जन्मले आणि त्याला भरपूर ऑक्सिजन मिळाला, तर हिफ नष्ट होते आणि वाढ थांबते. काही आठवड्यांनी डोळा मोठा होतो, रक्तवाहिन्या नसलेल्या भागाची भूक वाढते आणि तेव्हा त्या वेड्यावाकड्या फुटतात, दृष्टिपटलाला ओढ बसते, ते सुटते. या आजाराला डॉक्टर थोडक्यात ‘आरओपी’ म्हणतात.

1940 च्या दशकात पाश्चात्त्य देशांत काचपेट्या आणि सढळ ऑक्सिजन आला आणि अंध बाळांची लाट आली. 1951 मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनकडे बोट दाखवले. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या चाचणीने ते खरे ठरवले आणि ऑक्सिजन 40 टक्क्यांखाली ठेवण्याची पद्धत पडली. अंधत्व घटले, पण बाळे श्वासाअभावी दगावू लागली. 1973 मध्ये ब्रिटनच्या केनेथ क्रॉस यांनी हिशेब मांडला की, एका बाळाची दृष्टी वाचवताना सुमारे सोळा बाळांचा जीव गेला असावा. हा अंदाजच होता, तरी त्याने पुढच्या संशोधकांची झोप उडवली.

मधला मार्ग शोधायला आणखी चाळीस वर्षे लागली. 28 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या 4,965 बाळांवरच्या पाच चाचण्यांचे एकत्रित निष्कर्ष 2018 मध्ये आले. रक्तातले प्रमाण 85 ते 89 टक्के ठेवलेल्या गटात 19.9 टक्के बाळे दगावली, 91 ते 95 ठेवलेल्या गटात 17.1 टक्के. उलट, डोळ्यांवर उपचार करावे लागले ते अनुक्रमे 10.9 आणि 14.9 टक्के बाळांवर. बहुतेक तज्ज्ञांनी यावरून वरचा पट्टा स्वीकारला आणि डोळे तपासणीने सांभाळायचे ठरवले. माझ्या मते हा निर्णय बरोबर आहे. पण तो एका अटीवर उभा आहे: तपासणी खरोखर झाली पाहिजे.

ही अट पाळली गेली नाही तर काय होते, हे चेन्नईतल्या खटल्याने देशाला दाखवले. एग्मोरच्या सरकारी महिला व बाल रुग्णालयात 30 ऑगस्ट 1996 रोजी 29 व्या आठवड्यात एक मुलगी जन्मली, वजन 1,250 ग्रॅम. ती सुमारे 25 दिवस तिथे होती. तिला ऑक्सिजन दिला गेला, ती जगली आणि घरी गेली. डोळे तपासायला हवेत, हे आईवडिलांना कुणी सांगितले नाही. दृष्टी गेल्याचे कळले तेव्हा उशीर झाला होता. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1 जुलै 2015 रोजी न्या. जगदीशसिंग खेहर आणि नागपूरचे न्या. शरद बोबडे यांच्या पीठाने सुमारे 1 कोटी 80 लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. निकालपत्र बोबडे यांनी लिहिले. बातम्यांमध्ये हा निकाल ‘ऑक्सिजनमुळे अंधत्व’ असा पोचला. न्यायालयाने दोष मुख्यतः ठेवला तो तपासणी न केल्याबद्दल आणि पालकांना न सांगितल्याबद्दल. एवढ्या लहान जिवाला ऑक्सिजन लागणारच होता.

इथे भारताचा एक वेगळा प्रश्न आहे. पाश्चात्त्य देशांत आरओपी आता मुख्यतः अगदी लहान बाळांना होतो. आपल्याकडे दीड किलोच्या, कधी पावणेदोन किलोच्या बाळांनाही तो गंभीर होतो. हवा आणि ऑक्सिजन हव्या त्या प्रमाणात मिसळणारे ब्लेंडर अनेक ठिकाणी नसतात आणि भिंतीतून येतो तो शुद्ध ऑक्सिजन. म्हणून परदेशी निकष जसेच्या तसे घेतले तर आपली बाळे तपासणीतून निसटतात.

याच क्षेत्रात भारताने जगाला दिलेली गोष्टही आहे. जन्मतः न रडलेल्या बाळाला शुद्ध ऑक्सिजनच द्यायचा, ही जगभरची रीत होती. दिल्लीचे डॉ. सिद्धार्थ रामजी आणि नॉर्वेचे ओला सॉगस्टाड यांनी 1993 मध्ये 84 बाळांवर साधी हवा वापरून पाहिली, पुढे मोठ्या चाचण्या झाल्या. साध्या हवेने बाळे तितकीच सावरली, किंबहुना थोडी लवकर. 2010 पासून पूर्ण दिवसांच्या बाळाला आधी साधी हवा द्यावी, ही आंतरराष्ट्रीय शिफारस आहे.

दुसरा वाद: अतिदक्षता विभागातले प्रौढ

प्रौढांच्या बाबतीत ‘थोडा जास्त असला तर काय बिघडते’ ही धारणा बरीच टिकली. पहिला धक्का बसला तो दीर्घकालीन धूम्रपानाने फुप्फुसे खालावलेल्या, सीओपीडीच्या रुग्णांत. जास्त ऑक्सिजन मिळाला की त्यांच्यात कार्बन डायऑक्साइड साठतो, ते गुंगीत जातात. टास्मानियात रुग्णवाहिकांमध्ये झालेल्या चाचणीत (2010) सरसकट ऑक्सिजनऐवजी 88 ते 92 टक्के लक्ष्य ठेवून दिला, तेव्हा मृत्यू निम्म्याहून कमी झाले. या मुद्द्यावर आता मतभेद नाहीत.

हृदयविकाराच्या झटक्यात नाकाला नळी लावणे हा तर जवळजवळ विधीच होता. स्वीडनमध्ये 6,629 रुग्णांवर झालेल्या चाचणीत (2017) रक्तातले प्रमाण आधीच ठीक असलेल्यांना ऑक्सिजन देऊन काहीच फायदा दिसला नाही. 2018 मध्ये 25 चाचण्या आणि 16 हजारांवर रुग्ण एकत्र करून केलेल्या विश्लेषणात सढळ ऑक्सिजनच्या गटात मृत्यू थोडे अधिक आढळले. त्याच वर्षी तज्ज्ञांच्या गटाने 96 टक्क्यांच्या वर नेऊ नका, अशी शिफारस केली.

आता काटकसरीचा पक्ष जिंकला असे वाटत होते. मग फ्रान्समधून उलटा निकाल आला. फुप्फुसे गंभीर निकामी झालेल्या रुग्णांत ऑक्सिजनचा दाब 55 ते 70 ठेवणारी चाचणी 205 रुग्णांवरच थांबवावी लागली, कारण कमी ऑक्सिजनच्या गटात मृत्यू अधिक दिसू लागले आणि पाच जणांच्या आतड्यांचा रक्तपुरवठा तुटला. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णांना रुग्णवाहिकेतच 90 ते 94 टक्क्यांवर आणण्याचा ऑस्ट्रेलियातला प्रयोगही (2022) अंगाशी आला: त्या गटात 38 टक्के वाचले, दुसऱ्या गटात 48 टक्के. याउलट, कोविडच्या रुग्णांत दाब 60 आणि 90 यांची तुलना करणाऱ्या डेन्मार्कच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत (2024) कमी लक्ष्याच्या गटाचे यंत्रांशिवायचे दिवस वाढले. आणि 2025 मध्ये ब्रिटनमधून 16,500 रुग्णांची चाचणी आली. 88 ते 92 टक्के ठेवा किंवा नेहमीसारखे द्या, मृत्यूंत फरक पडला नाही.

आज तीन भूमिका दिसतात. काटकसरीवाले म्हणतात, फरक पडत नसेल तर कमीच द्या; इजाही टळते आणि साठाही वाचतो. सावध पक्ष म्हणतो, चाचण्या झाल्या तिथे एका परिचारिकेकडे एक-दोन रुग्ण असतात, मिनिटामिनिटाला लक्ष असते. एका परिचारिकेकडे तीस खाटा असलेल्या वॉर्डात लक्ष्य 90 ठेवले तर रुग्ण 82 वर घसरल्याचे कळायलाच वेळ लागेल; तिथे 94–95 ची सवड हवी. या म्हणण्यात मला बरेच तथ्य वाटते. तिसरा पक्ष म्हणतो, सरासरी फसवते. 2024 मध्ये जुन्या चाचण्यांची माहिती संगणकाने पुन्हा तपासली तेव्हा असे सुचले की, काहींना कमी लक्ष्य मानवते आणि काहींना जास्त. दोन्ही परिणाम एकमेकांना खोडतात आणि हाती शून्य येते. हे आकर्षक आहे, पण आधी रुग्ण ओळखून मग मात्रा ठरवल्याने जीव वाचतात, हे अजून सिद्ध व्हायचे आहे.

शस्त्रक्रियेतला वाद याहून लहान, पण बोलका आहे. जखमेला जास्त ऑक्सिजन मिळावा या तर्कावरून जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये जोरदार शिफारस केली की, भूल दिलेल्या रुग्णाला 80 टक्के ऑक्सिजन द्या, जखमा कमी चिघळतील. भूलतज्ज्ञांनी पुराव्यावर आक्षेप घेतले आणि 2018 मध्ये संघटनेने शिफारशीचा जोर कमी केला. तर्क बरोबर असला तरी माणसांत तो उतरेलच असे नाही.

मोजणारे यंत्र किती खरे?

रक्तातल्या प्रमाणाचे वरचे बहुतेक आकडे बोटाला लावायच्या चिमट्यावर, पल्स ऑक्सिमीटरवर, अवलंबून आहेत. जपानचे ताकुओ आओयागी यांनी 1974 मध्ये त्याचे तत्त्व मांडले. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून जातात, भरलेले आणि रिकामे हिमोग्लोबिन ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषते, आणि नाडीच्या ठोक्यागणिक बदलणाऱ्या प्रकाशावरून यंत्र टक्केवारी काढते. ही टक्केवारी निरोगी स्वयंसेवकांच्या मोजमापांशी जुळवून ठरवलेली असते. ते स्वयंसेवक कोण होते, हा प्रश्न उशिरा विचारला गेला.

डिसेंबर 2020 मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवले की, यंत्र 92 ते 96 दाखवत असताना प्रत्यक्षात 88 च्या खाली असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत 3.6 टक्के होते आणि कृष्णवर्णीय रुग्णांत 11.7 टक्के. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या जुन्या मार्गदर्शनात यंत्राच्या चाचणीला दहा माणसे आणि त्यांत दोन गडद वर्णाची असली तरी चालत असे. जानेवारी 2025 मध्ये त्यांनी किमान दीडशे माणसांवर, त्वचेच्या छटा मोजून, चाचणी घेण्याचा मसुदा जाहीर केला. तमिळनाडू काय किंवा महाराष्ट्र काय, आपल्या त्वचेच्या छटा गव्हाळपासून गडद सावळ्यापर्यंत पसरलेल्या आहेत. वादाचा बराचसा पुरावा मात्र अमेरिका आणि ब्रिटनमधल्या रुग्णांचा आहे. यंत्र दोन-तीन टक्के जास्त दाखवत असेल, तर 90 चे लक्ष्य प्रत्यक्षात 87 होते. मग कोणती मात्रा सुरक्षित, हा प्रश्न यंत्राच्या प्रश्नापासून वेगळा काढताच येत नाही.

दुसरी त्रुटी याहून जुनी आहे आणि आपल्यासाठी मोठी. टक्केवारी सांगते की मालगाडीचे डबे किती भरलेले आहेत. गाडीला डबे किती आहेत, हे ती सांगत नाही. हिमोग्लोबिन 15 असलेल्या माणसाचे आणि 7 असलेल्या माणसाचे ऑक्सिमीटर दोन्हीकडे 98 दाखवील, पण दुसऱ्याचे रक्त निम्म्याहून कमी ऑक्सिजन नेत असते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019–21) 15 ते 49 वयोगटातल्या महाराष्ट्रातल्या 54.2 टक्के आणि तमिळनाडूतल्या 53.4 टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे. श्रीमंत देशांतल्या चाचण्यांतून आलेले लक्ष्य अशा रुग्णांना तसेच्या तसे लावावे का, यावर पुरेसा पुरावा नाही. मला हे या क्षेत्रातले सर्वात दुर्लक्षित कोडे वाटते.

पुरवठा: वादाच्या आधीची अट

मात्रेचा वाद घालायला आधी ऑक्सिजन हाताशी असावा लागतो. 2021 च्या उन्हाळ्यात, कोविडच्या लाटेत, तो नव्हता. 21 एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकी भरताना गळती झाली, दाब पडला आणि त्या दिवशी 22 रुग्ण गेले. चेन्नईलगतच्या चेंगलपट्टूच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात 4 मेच्या रात्री काही तासांत किमान अकरा रुग्ण दगावले. नातेवाइकांनी ऑक्सिजन कमी पडल्याचे सांगितले, प्रशासनाने तुटवडा नाकारला, आणि विषय मद्रास उच्च न्यायालयापुढे गेला. त्याआधी आठवडाभर, 27 एप्रिलला, तुतुकुडीचा 2018 पासून बंद असलेला तांब्याचा कारखाना केवळ ऑक्सिजनसाठी उघडायला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली होती.

या टंचाईमागचे गणित साधे आहे. जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे 7,000 लिटर वायू मावतो. मिनिटाला पाच लिटरने तो जवळजवळ दिवसभर पुरतो, पंधरा लिटरने पावणेआठ तास. नाकातून जोरात ऑक्सिजन देणारे यंत्र साठ लिटरवर लावले तर दोन तासांतच संपतो. शिवाय टाकीत साठा असूनही एकाच वेळी अनेक यंत्रे पूर्ण जोराने चालली तर नळीतला दाब पडू शकतो. म्हणजे ‘साठा होता’ आणि ‘रुग्णाला मिळाला नाही’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. एप्रिल 2021 मध्ये कोविडच्या राष्ट्रीय कृतिदलाने लक्ष्य 92 ते 96 ठरवले (सीओपीडीत 88 ते 92), ते योग्यच होते. 99 दाखवणाऱ्या रुग्णाच्या नळीतला जास्तीचा ऑक्सिजन त्या काळात शेजारच्या खाटेला मिळू शकत होता.

लॅन्सेटच्या आयोगाने 2025 मध्ये म्हटले की, जगातल्या सुमारे पाच अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारा वैद्यकीय ऑक्सिजन मिळत नाही. कमी देणे सुरक्षित आहे का, हा श्रीमंत देशांतला प्रश्न आणि पुरेसा मिळेल का, हा आपला, अशी वाटणी केली जाते. ती मला पटत नाही. एग्मोर आणि चेंगलपट्टू यांच्यातले अंतर साठ किलोमीटरही नाही.

काय ठरले, काय राहिले

सीओपीडीत 88 ते 92, हृदयविकारात गरज नसताना नको, पूर्ण दिवसांच्या बाळाला आधी साधी हवा, 28 आठवड्यांच्या आतल्या बाळाला 91 ते 95: इतके ठरले आहे, आणि ते केसपेपरवर लक्ष्यासह लिहिण्यात कोणताही शास्त्रीय अडथळा नाही. अतिदक्षतेतल्या सर्वसाधारण रुग्णाला 90 की 96, हे ठरलेले नाही. रक्त कमी असलेल्यांचे लक्ष्य काय, गडद त्वचेवर यंत्राचा आकडा कसा वाचायचा, देखरेख अपुरी असलेल्या वॉर्डात सवड किती ठेवायची, या तीन प्रश्नांची उत्तरे परदेशातून येणार नाहीत. ती चेन्नई, मुंबई, नागपूर इथल्या सरकारी रुग्णालयांतूनच यावी लागतील. तिथे रुग्ण आहेत, तज्ज्ञही आहेत. हवी आहे ती मोठ्या चाचण्यांसाठी पैशाची आणि माणसांची सोय.

वाचकांच्या हाती असलेली एक गोष्ट मात्र आजच करण्याजोगी आहे. घरातले बाळ 34 आठवड्यांच्या आधी किंवा 2,000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे जन्मले असेल, तर त्याचे दृष्टिपटल जन्मापासून 30 दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घ्या; 28 आठवड्यांच्या आधी किंवा 1,200 ग्रॅमपेक्षा कमी असेल तर दोन ते तीन आठवड्यांत. घरी सोडताना कागदावर तारीख लिहून मागा. एका तपासणीत भागत नाही, रक्तवाहिन्यांची वाढ पूर्ण होईपर्यंत पुन्हा पुन्हा जावे लागते. वेळेत सापडले तर लेसरने किंवा डोळ्यातल्या इंजेक्शनने बहुतेक बाळांची दृष्टी वाचते.